वही दीडशेला विकतेस, पण तुझे तास कुठे लिहिलेस?

या वेळचं पत्र आपल्या बडोद्यातूनच आलंय. थोडं छोटं करून देतेय.

"ताई नमस्कार, मी कारेलीबागेत राहते. मुलगी यंदा पहिलीत गेली त्यामुळे सकाळचे तीनेक तास मोकळे मिळतात. आधी शाळेत शिकवायचे, ती नोकरी सुटली. गेली काही वर्षं घरी वह्या-डायऱ्या बनवते, जुन्या साड्यांचं किंवा बांधणीचं कव्हर आणि आत साधा ए-फोर कागद दुमडून शिवलेला, म्हणजे ए-फाइव्ह साइझ, १६० पानी. एका वहीला दीड तास लागतो, सामान साठेक रुपयांचं, विकते १५० ला. ओळखीत बऱ्याच गेल्या. अलकापुरीतली एक गिफ्ट शॉपवाली ठेवायला तयार आहे पण ती ३५ टक्के कापणार. माझे बाबा एफडी मोडून दीड लाख देतो म्हणतात, त्यात कटिंग मशीन, स्पायरल मशीन आणि चांगला कलर प्रिंटर येईल. सासूबाई म्हणतात, मोबाइलच्या जमान्यात वह्या कोण घेतं, छंद म्हणून कर. आणि आता नणंदेच्या मैत्रिणीकडे लग्न आहे, त्यांना रिटर्न गिफ्टसाठी १०० वह्या हव्यात, पाच आठवड्यांत, १२० रुपये नग. मला नाही म्हणवत नाहीये. मशीन घेऊ का? ऑर्डर घेऊ का? आणि काही वह्या नीट उघडत नाहीत, पावसाळ्यात कव्हरंही वाकडी झाली, ते का होतं?"

अगं, मशीन नको. आणि बाबांची एफडी तर अजिबात मोडू देऊ नकोस. त्यांनी प्रेमाने देऊ केलेत, पण तुझ्या कामाला आज दीड लाखाची गरजच नाहीये, आणि ते पैसे एकदा मशिनीत अडकले की वही विकली जावो न जावो, तुझ्या डोक्यावर बाबांच्या एफडीचं ओझं राहणार.

आधी पैशाचं बोलू, कारण तुझ्या पत्रात सगळ्याची किंमत लिहिलीय, फक्त तुझ्या वेळेची नाही. सामान साठ रुपयांचं म्हणतेस, त्यात कापड तिरकं कापलं गेलं, एखाद्या वहीचं कव्हर फुगलं म्हणून ती बाजूला काढावी लागली हे धरलेलं दिसत नाही. पॅकिंग धरलेलं नाही, कागद आणायला रिक्षा केलीस तीही नाही. हे सगळं मिळून वहीमागे पंधरा रुपये धर, कमीच धरतेय मी. झाले ७५. दीडशेतून ७५ गेले, उरले ७५, आणि ते दीड तासाचे, म्हणजे तासाला ५० रुपये. आता हीच वही त्या गिफ्ट शॉपमध्ये १५० ला ठेवलीस तर ती ५२ रुपये ५० पैसे कापणार, तुझ्या हातात येणार साडेसत्त्याण्णव, त्यातले ७५ खर्चाचे, राहिले साडेबावीस. दीड तास मान मोडून शिवायचे साडेबावीस रुपये, म्हणजे तासाला पंधरा! मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण घरात बसून काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे कायम होतं, कागद विकत आणावा लागतो म्हणून कागदाचे पैसे मोजले जातात, हात घरचेच म्हणून हाताचे मोजलेच जात नाहीत. बाहेरचे मोजत नाहीत ते एक वेळ ठीक, पण आपण स्वतःही मोजत नाही.

तर तासाला निदान १०० रुपये धर. हे काही फार नाही, तू शिकलेली आहेस, हात बसलेला आहे. ७५ खर्च आणि १५० मजुरी, झाले २२५. ही तुझी घरातली किंमत, याच्या खाली वही जाताच कामा नये. दुकानवाली ३५ टक्के घेऊनही तुझ्या हातात २२५ यायचे असतील तर वहीवर साधारण ३५० लिहावे लागतील. आणि दुकानात ३५० आणि तुझ्याकडे घरी २२५ असं करू नकोस हं, गिऱ्हाइकाला आठवड्यात कळतं आणि मग ती दुकानवाली तुझा माल परत पाठवते, तिचंही बरोबरच आहे. भाव सगळीकडे एक ठेव. घरून विकलेल्या वहीवर जे जास्तीचे सुटतात त्यातूनच तुझे फोटो, कुरिअरची चूक, न खपलेला माल हे सगळं भागायचं असतं.

दुसरीकडे वेळ कमी कर. एकेक वही पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची सवय सोड, दहा वह्या एकदम घे. एक दिवस फक्त घड्या घालायच्या आणि भोकं पाडायची, एक दिवस फक्त शिवण, एक दिवस चिकटवणं. दर टप्प्याला मोबाइलवर टायमर लाव आणि वहीत लिहून ठेव. दीड तासाचा तास झाला तरी वहीमागे पन्नास रुपये वाचतात, आणि ते कागद स्वस्त आणून वाचणार नाहीत.

आता तू म्हणशील ताई ३५० ला कोण घेणार. नीट न उघडणारी वही कोणीच घेणार नाही, म्हणून तुझा शेवटचा प्रश्न माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

कारखान्यात कागद बनतो तेव्हा लगद्यातले तंतू मशीन ज्या दिशेने पळतं त्याच दिशेला समांतर पडतात, त्याला धंद्यातले लोक ग्रेन म्हणतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर कागद मऊ दुमडतो, आडवी घातली तर तो अडतो, घडीवर तंतू तुटल्यासारखे दिसतात आणि पान स्प्रिंगसारखं परत उभं राहतं. बाजारात रिममध्ये मिळणारा ए-फोर कागद बहुतेक वेळा लाँग ग्रेन असतो, म्हणजे ग्रेन २९७ मिलिमीटरच्या लांब बाजूला समांतर. तू तो मधोमध दुमडून ए-फाइव्ह करतेस तेव्हा घडी पडते २१० च्या बाजूला समांतर, म्हणजे ग्रेनच्या बरोब्बर आडवी. झालं, वही उघडली की पानं वर उठतात, लिहिताना डाव्या हाताने दाबून धरावी लागतात. तुझ्या शिवणीत काही खोट नाहीये. "काही वह्या" म्हणतेस ना, बहुतेक एखाद्या रिमचा ग्रेन उलटा निघाला असणार म्हणून बाकीच्या बऱ्या उघडल्या.

हे घरी तपासता येतं. ए-फोरचा एक कागद घे, घडी न घालता नुसता कमानीसारखा वाकव आणि तळहाताने हलकं दाब, मग नव्वद अंशात फिरवून पुन्हा तेच कर. ज्या वेळी कमी जोर लागतो, त्या वेळी कमानीचा कणा ज्या दिशेला असतो तो ग्रेन. कळलं नाही तर त्याच कागदाचा एक चौकोनी तुकडा कापून त्याची एक बाजू ओली कर, कागद गुंडाळी व्हायला लागतो आणि त्या गुंडाळीची नळी ज्या दिशेला तोंड करते तो ग्रेन. फाडून बघितलंस तरी कळतं, ग्रेनच्या बाजूने सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. दुकानात कागद घेताना काउंटरवरच वाकवून बघ, लाजू नकोस, कागदाचा व्यापारी असल्या गिऱ्हाइकाला जास्त मान देतो.

उपाय असा की या वहीसाठी रिम घ्यायचंच नाही. मोठ्या साइझचा कागद घाऊक दुकानातून घे, छापखान्यांच्या आसपास जे जॉब बाइंडर बसतात त्यांच्याकडे कापून घे, आणि कापायच्या आधी एका कागदावर पेन्सिलने बाण काढून दे की ग्रेन २१० च्या बाजूला समांतर पाहिजे. थोडा कागद वाया जातो असं तो म्हणेल, जाऊ दे, त्याची सोय पुढे सांगते. कागद ९० ते १०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तितके ग्रॅम) घे, सत्तरचा फार पातळ, मागचं लिहिलेलं दिसतं. घ्यायच्या आधी एक ताव घरी आणून त्यावर शाईच्या पेनने, जेल पेनने, सगळ्याने लिहून बघ, शाई पसरते का, पाठीमागे उतरते का. ३५० रुपये देणारं माणूस पहिल्या पानावर हेच बघतं.

हातकागद वापरावा का असं तू विचारलं नाहीयेस पण मनात येईलच म्हणून सांगते. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे, आपल्याकडून जवळ म्हणजे अहमदाबादला साबरमती आश्रमाशी जोडलेलं कलमखुश आहे, तिकडे राजस्थानात सांगानेर तर या कामाचं गावच आहे. हा कागद बहुतेक सुती चिंध्यांचा, होजिअरीच्या कातरणाचा बनतो, एकेक ताव साच्यावर उचललेला, त्यामुळे त्याला ग्रेन जवळजवळ नसतोच. पण आतल्या पानांसाठी तो जाड पडतो, महाग पडतो, आणि सायझिंग, म्हणजे शाई फुटू नये म्हणून कागदाला दिलेली खळ, नीट नसेल तर शाई फुटते. तू तो कव्हरच्या आतल्या बाजूला, पाकिटांना आणि लेबलांना वापर, तिथे तो फार सुंदर दिसतो.

आता वाकडी कव्हरं. पुठ्ठ्याच्या एका बाजूला ओलं कापड चिकटवलं की ते वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. आतल्या बाजूने तेवढीच ओढ देणारा कागद लावला नाही, किंवा लावला पण पुठ्ठ्याचा आणि कागदाचा ग्रेन वेगवेगळ्या दिशेला गेला, तर पुठ्ठा पापडासारखा वळणारच. पुठ्ठा, कापडाचा उभा धागा, आतला कागद, सगळं वहीच्या पाठीला समांतर ठेव. दोन मिलिमीटरचा ग्रे बोर्ड पुरतो. आणि पावसाळ्यात बडोद्याची हवा माहिती आहे ना, फेव्हिकॉल वरून वाळल्यासारखा वाटतो पण आत ओलाच असतो, म्हणून रात्रभर दाबाखाली ठेवून भागत नाही, पूर्ण दिवस ठेव. कव्हर आणि पहिल्या पानाच्या मध्ये बटर पेपर घाल म्हणजे ओल पानांत उतरत नाही. दाबायला प्रेस नको, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेल्या दोन विटा आणि खाली-वर एकेक सपाट फळी, बास.

साडीच्या कापडाचं अजून एक सांगते कारण इथेच बहुतेक जणींचा माल फसतो. साडीचं कापड पातळ, त्यातून गोंद वर येतो आणि वाळल्यावर काळपट डाग दिसतात, विशेषतः फिक्या रंगावर. म्हणून कापडाला आधी अस्तर दे. टेलरिंगचं सामान मिळतं तिथे इस्त्रीने चिकटणारं फ्युझिंग मिळतं ते लाव, किंवा आपली मैद्याची खळ शिजवून तिने पातळ कागद मागे चिकटव आणि वाळू दे, मग ते कापड कागदासारखं कापता येतं. बांधणीला इस्त्री केली की तिच्या चुण्या जातात आणि मग ती बांधणी वाटतच नाही, तिथे खळीचं अस्तरच बरं. जुनी बांधणी ओली झाल्यावर रंग सोडते का ते आधी पांढऱ्या कपड्यावर घासून बघ. आणि कोपऱ्याला कापड तिरकं कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून तीन मिलिमीटर सोडून काप, अगदी टोकाला लागून कापलंस तर पुठ्ठ्याचा कोपरा उघडा पडतो आणि पर्समध्ये आठ दिवसांत तो फुटतो.

एवढं जमलं की ३५० मागताना आवाज बारीक होणार नाही, बघ.

मशीनबद्दल थोडक्यात. कटिंग तो बाइंडर करून देईल, त्याचं मशीन तिथे उभंच आहे, तुला घरात कशाला हवं, त्यात घरात लहान मूल आहे. स्पायरल तर मुळीच नको, स्पायरल वही कारखाना जेवढ्याला देतो तेवढ्यात तुझा पुठ्ठाही येणार नाही, आणि हाताने शिवलेली ही जी तुझी ओळख आहे तीच जाईल. प्रिंटरच्या शाईचा खर्च नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही, नाव-लोगो हवाच असेल तर एक चांगला रबर स्टॅम्प करून घे. स्टीलची पट्टी, कटर, कटिंग मॅट, टोच्या, जाड सुया, मेण लावलेला दोरा, घडी दाबायची पट्टी, दोन चांगले ब्रश आणि पहिल्या महिन्याचा कागद-पुठ्ठा, हे सगळं आठ-दहा हजारांत बसव. तेवढे तुझ्या वह्यांच्या पैशातून उभे राहिले नसतील तर बाबांकडून तेवढेच घे, उसने म्हणून घे, तारीख लिहून घे. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं हेही तुला कोणीतरी सांगेलच, पण दर महिन्याला ठरावीक माल ठरावीक भावाने जातोय हे दिसेपर्यंत त्याची वाट धरू नकोस.

कागद जमिनीवर ठेवू नकोस. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात कसं घुसलं ते तू पाहिलंच असशील, तळमजल्यावर राहत असशील तर कागद, पुठ्ठा आणि तयार माल वरच्या माळ्यावर, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून.

सासूबाईंचं. त्यांचा प्रश्न टाकाऊ नाहीये, त्याचं नीट उत्तर दे. आपल्या या शहरात व्यापारी सगळा हिशेब कॉम्प्युटरवर करतात, तरी दिवाळीच्या आधी पुष्य नक्षत्राला किंवा धनतेरसला लाल कापडाचा चोपडा, म्हणजे हिशेबाची वही, विकत घेतातच, त्याच्यावर कुंकवाचा स्वस्तिक काढून लक्ष्मीपूजनाला पूजा होते आणि लाभपंचमीला धंदा उघडतात. म्हणजे वही नुसती लिहायला घेतली जाते असं नाही, ती दिवस साजरा करायला घेतात, कोणाच्या तरी हातात द्यायला घेतात. रोजच्या लिहिण्याची वही तू विकायला गेलीस तर कंपनीच्या वहीशी भाव करत बसशील. ज्या वहीला तारीख आहे, प्रसंग आहे, ती वीक. पूजेसाठी छोटा, हातात मावणारा लाल चोपडा कर, आत हातकागदाचं पहिलं पान कोरं सोड स्वस्तिकासाठी. मात्र ते काम गणपती झाले की लगेच सुरू कर, नवरात्रात या शहरात कोणाकडून काही काम होत नाही, रात्री सगळे गरब्याला आणि सकाळी झोपेत.

मग आपलं हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर, जिथे जिथे आपली मराठी घरं आहेत तिथे प्रत्येक घरात वाण काय द्यायचं याची चर्चा डिसेंबरपासून चालू असते आणि शेवटी परत प्लॅस्टिकचा डबाच येतो. मघाशी म्हटलं ना कटिंगमधून कागद वाया जातो, त्या पट्ट्यांचे छोटे पॅड कर, किराण्याची यादी लिहायला, वर एक भोक आणि दोरीने अडकवलेली छोटी पेन्सिल, किंवा दुधाच्या हिशेबाची एवढीशी वही. कागद आधीच फुकट पडलेला असतो, काम दहा मिनिटांचं असतं, आणि एक बाई एकदम तीस-चाळीस नग घेते. मला विचारशील तर तुझा पहिला खरा नफा इथून येईल.

तसंच लग्नाचं पाकीट. आपल्याकडे आहेराचं, गुजराती घरात चांदल्याचं, पाकीट दोन्हीकडे लागतंच. हातकागद आणि साडीच्या काठाची पट्टी लावलेली पाच पाकिटांची जोडणी करून विक. शिवण नाही, वाळायची वाट नाही, कुरिअरलाही हलकं. वहीचं वजन कधी केलंयस का? ए-फाइव्हची ८० पानं, म्हणजे १६० बाजू, ९० जीएसएमच्या कागदात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास जातात, पुठ्ठे धरून तीनशे. पुण्या-मुंबईला पाठवताना तो खर्च गिऱ्हाइकाला आधी सांग, "फ्री शिपिंग" लिहून स्वतः भरू नकोस.

आणि फाइन आर्ट्सची मुलं. सयाजीराव विद्यापीठाची ही फॅकल्टी १९५० पासून आहे, एवढी चित्रं काढणारी मुलं आपल्या गावात असताना त्यांना विचारलंच पाहिजे. फक्त त्यांना साडीचं कव्हर नको असतं, जाड कागद आणि पूर्ण सपाट उघडणारी स्केचबुक पाहिजे असते आणि त्यांच्याकडे पैसे कमी असतात. तिथे दोन-चार सॅम्पल देऊन त्यांचं म्हणणं ऐक, कमाईची आशा आत्ता ठेवू नकोस. ही मुलं बाइंडिंगमधली चूक तुला तोंडावर सांगतील, आणि ते फार उपयोगी पडतं.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नकोस. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधारवरून होतं आणि फुकट होतं, कोणी दोन हजार मागितले तर देऊ नकोस. फक्त गुजरातच्या आत माल विकत असशील तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही. राज्याबाहेर विकायचं ठरलं की नियम बदलतात, हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे पण तुझी वही त्यात बसते का हे बाहेरची पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी एखाद्या सीएला विचार. बँकेचं खातं वेगळं काढ, यूपीआयचा क्यूआर त्याच खात्याचा ठेव. दुकानात माल ठेवताना किती नग, काय भाव, किती टक्के, पैसे कधी मिळणार, हे एका चिठ्ठीवर लिहून दोघींनी सही करा, व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटो पाठवून ठेव. आणि कार्टूनची चित्रं किंवा सिनेमाच्या गाण्याच्या ओळी कव्हरवर छापू नकोस, दुसऱ्याचं आहे ते.

घरातलं एक बोलायचंच आहे. तीन तास म्हणतेस ते खरंच तीन तास आहेत का? बेल वाजली, गॅसवाला आला, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचंय, कोणाचा फोन आला, "तू घरीच आहेस ना" म्हणून सगळं तुझ्याकडे येतं. नवऱ्याला आणि सासूबाईंना बसवून सांग की अमुक ते अमुक वेळ मी कामावर आहे. रागाने नको, पण स्पष्ट. डायनिंग टेबलवर काम करत असशील तर एक वेगळं टेबल आधी घे, जुनं का असेना, कारण जेवणाच्या वेळी सगळं उचलायचं आणि परत मांडायचं यात तुझा रोज अर्धा तास जातो आणि ओलं कव्हर हलवलं की ते हमखास सरकतं. मशीनपेक्षा ते टेबल तुला जास्त कमाई करून देईल.

आता ती १०० वह्यांची ऑर्डर. दीड तासाप्रमाणे १५० तास. तुझ्याकडे आठवड्याला पाच दिवस, तीन-तीन तास, म्हणजे १५, त्यातले पाच तरी फोन, खरेदी, पॅकिंगमध्ये जातात. राहिले दहा, पाच आठवड्यांचे ५०. हे होणारच नाही गं, तू रात्री जागशील, मुलीवर चिडशील, आणि शेवटच्या चाळीस वह्या ओल्या कव्हरांसकट लग्नघरी जातील. आणि हे सगळं कशासाठी, तर १२० मधून ७५ गेल्यावर वहीमागे ४५ रुपये, तासाला ३० रुपये.

पण सरळ नाही म्हणू नकोस. त्याच १२० रुपयांत वेगळी वस्तू दे. ए-सिक्स साइझची, ४८ पानी, एकाच घडीची, मध्ये तीन भोकं पाडून शिवलेली, जाड कार्डाच्या कव्हरवर अस्तर लावलेलं साडीचं कापड. गंमत बघ, तोच रिममधला लाँग ग्रेन ए-फोर कागद आधी कापून ए-फाइव्ह केला आणि मग दुमडून ए-सिक्स केला की घडी ग्रेनला बरोबर समांतर येते, वही छान सपाट उघडते. एका वहीला ए-फोरचे सहाच कागद, शंभरला सहाशे. उघड्या बाजूची शेवटची कड बाइंडरकडून एकदम कापून घे. सामान पंचवीसच्या आसपास, पॅकिंग पाच, म्हणजे ३०. बॅचमध्ये केलीस तर एकीला २५ मिनिटं, शंभरला ४२ तास, तुझ्या ५० मध्ये बसतं. बारा हजारांतले तीन हजार खर्चाचे, नऊ हजार तुझे, तासाला दोनशेच्या वर.

सॅम्पल उद्याच कर, दोन रंगांत, फोटो काढ आणि असं लिहून पाठव, "नमस्कार, लग्नासाठी हे सॅम्पल बनवलंय, पर्समध्ये मावणारी हाताने शिवलेली वही, १०० नग, १२० रुपयांप्रमाणे, आतल्या पानावर वधूवरांची नावं आणि तारखेचा स्टॅम्प मारून देईन. अर्धे पैसे आधी लागतील, म्हणजे कागद-कापड एकदम आणता येईल. नावं आणि रंग या आठवड्यात फायनल करून कळवा, नंतर बदल होणार नाही." स्टॅम्पचा खर्च त्यात धर, दोन-तीनशेत होतो. नणंदेला मध्ये घालू नकोस, पैशाचं बोलणं थेट त्यांच्याशीच कर. आणि त्यांना मोठीच वही हवी असेल तर ३० नग, ३०० रुपयांप्रमाणे, जवळच्या पाहुण्यांसाठी. त्याच्या पुढे एकही नाही.